मुंबई मॅरेथॉनचा सराव आणि संस्थेसाठी निधी: दोन्ही जबाबदाऱ्या एकत्र कशा पेलाव्यात?

प्रश्न: येऊरची वाट

नमस्कार. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावायचे मी ठरवले आहे आणि त्या निमित्ताने एका छोट्या संस्थेसाठी निधीही उभा करायचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवरून तालुक्याच्या गावी अकरावी-बारावी शिकायला येणाऱ्या मुलींसाठी ही संस्था वसतिगृह चालवते. दहावीनंतर पाड्याजवळ महाविद्यालय नसते, एसटीची फेरी वेळेवर मिळेल याची खात्री नसते आणि राहण्याची सोय झाली नाही तर मुलीचे शिक्षण तिथेच थांबते. हे सगळे मी तिथे जाऊन पाहिले आहे, त्यामुळे हे काम माझ्या फार जिव्हाळ्याचे झाले आहे.

माझे वय ४१ आहे. मी ठाण्यात राहते आणि बँकेत नोकरी करते. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या शर्यतीसह काही अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत, पण पूर्ण मॅरेथॉन ही पहिलीच असेल. सध्या आठवड्यातून चार दिवस धावते आणि रविवारी येऊरच्या चढावर जाते. घरी दोन शाळकरी मुले आणि सासूबाई आहेत. सकाळची लोकल गाठायची असल्यामुळे सरावाला पहाटेखेरीज वेळ मिळत नाही.

सरावाचे वेळापत्रक कसेही करून बसवता येईल, परंतु त्याच महिन्यांत लोकांना पत्रे लिहिणे, फोन करणे, आठवण देणे आणि हिशेब ठेवणे हे सारे कसे जमवावे, ते उमगत नाही. शिवाय पैसे मागताना मला अतिशय संकोच वाटतो. स्वतःसाठी मागत नाही हे कळत असूनही शब्द ओठांवर येत नाहीत.

आणखी एक पेच आहे. आमच्या शाखेतील काही सहकाऱ्यांनी किलोमीटरमागे १०० रुपये देण्याची तयारी दाखवली आहे. पूर्ण अंतर कापले तर प्रत्येकाचे ४,२०० रुपयांच्या वर होतात. मात्र शर्यत पूर्ण झाली तरच पैसे द्यायचे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचा हेतू मला प्रोत्साहन देण्याचाच आहे, तरीही ही अट स्वीकारावी की नाही, याबद्दल माझे मन द्विधा आहे. ज्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: पार्काचा कट्टा

ताई, तुमचा संकल्प वाचून फार आनंद झाला. मी दादरला राहतो आणि मुंबईची ही शर्यत २००४ साली सुरू झाल्यापासून पाहत आणि पुढे धावत आलो आहे. सरावाबद्दल जे ठाऊक आहे ते लिहितो, पैशांच्या बाजूविषयी इतर जाणकार सांगतीलच.

शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून मागे मोजत आले की अठरा आठवड्यांचा सराव सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो. आपल्याकडच्या धावकाला या काळात तीन वेगळ्या हवामानांतून जावे लागते. सुरुवातीला पावसाची अखेर असते, मग ऑक्टोबरचा उकाडा येतो आणि डिसेंबरमध्ये हवा जरा सुसह्य होते. ऑक्टोबरमध्ये हवेत दमटपणा इतका असतो की घाम अंगावरच राहतो, तो वाळत नाही म्हणून शरीर थंड होत नाही, आणि नेहमीच्याच वेगाला हृदयाचे ठोके बरेच वाढतात. त्या महिन्यात घड्याळातला वेग पाहून अनेक चांगले धावक निराश होतात आणि तो भरून काढण्यासाठी जोर लावून दुखापत ओढवून घेतात. तुम्ही त्या काळात श्वासावर लक्ष ठेवून धावा. डिसेंबर लागला की तेवढ्याच श्रमात वेग आपोआप सुधारलेला दिसेल.

आठवड्यातून चार दिवस पुरेसे आहेत, पाचव्याचा मोह धरू नका. दोन दिवस सावकाश, एक दिवस थोडे वेगात आणि रविवारी लाँग रन, एवढ्यावर पहिली मॅरेथॉन उत्तम होते. लाँग रन हळूहळू वाढवत ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत न्यावा, दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला तो मुद्दाम कमी करावा आणि सर्वांत लांब धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी आटोपावी. ही धाव इतकी संथ हवी की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचे साखरेचे इंधन, साधारण तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपत येते. तिथून पुढे पाय जड होतात आणि मनही खचते. संथ लांब धावांमुळे शरीर चरबीचा अधिक वापर करायला शिकते आणि तो क्षण पुढे ढकलला जातो.

मुंबईच्या मार्गावर नेमका याच टप्प्यानंतर पेडर रोडचा चढ येतो. पहाटे सीएसएमटीहून निघताना, मरिन ड्राइव्हवर, वरळीला, सागरी सेतूवर सगळे काही सुरळीत वाटते. माहीमकडून परतताना ऊन वर येते आणि हाजी अली ओलांडल्यावर तो चढ समोर उभा राहतो. एरवी टॅक्सीतून जाताना जो जाणवतही नाही, तो तिथे भल्याभल्यांना चालायला लावतो. म्हणून तुम्हाला एक सुचवतो. तुमच्याजवळ येऊर आहे, हे तुमचे मोठे भाग्य आहे, पण चढ रविवारच्या सुरुवातीला घेऊ नका. आधी उपवनच्या परिसरात सपाटीवर मोठे अंतर कापा आणि पाय थकल्यावर मग येऊर चढा. थकलेल्या पायांनी, छोटी पावले टाकत चढ घेण्याची सवय झाली की पेडर रोडची धास्ती उरणार नाही.

खाण्याविषयी थोडक्यात लिहितो. दीड तासापेक्षा लांब धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, धावकांसाठी मिळणारे एनर्जी जेल यांपैकी जे पोटाला मानवेल ते सरावातच ठरवून घ्या.

आता या सगळ्याचा तुमच्या दुसऱ्या कामाशी संबंध येतो. सरावाचा सर्वांत मोठा भार नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत असतो. त्या आठवड्यांत झोप ही औषधासारखी लागते, आणि रात्री अकरापर्यंत लोकांना संदेश पाठवत बसलात तर पहाटेची धाव तर बिघडतेच, शिवाय शरीराची झीजही भरून निघत नाही. म्हणून निधीचे मुख्य आवाहन सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये, सराव हलका असतानाच करा. डिसेंबरात फक्त एखादी आठवण, आणि शेवटचे तीन आठवडे, ज्यांत धावणे कमी करत नेतात आणि ज्यांना आपण टेपर म्हणतो, ते निधीच्या कामातून पूर्ण विश्रांतीचे ठेवा. बहुतेक जण शर्यत तोंडावर आल्यावर मागायला सुरुवात करतात. तेव्हा प्रत्येकाच्या फोनवर अशी अनेक आवाहने आलेली असतात.

उत्तर: मुळाकाठ

वरील सरावाचा सल्ला अगदी योग्य आहे. किलोमीटरमागे पैसे देण्याच्या कल्पनेबद्दल मात्र माझा अनुभव चांगला आहे, म्हणून तो नोंदवतो. पुण्यात आमच्या गटाने एका रुग्णालयातील गरीब रुग्णांच्या औषधांसाठी अशाच प्रकारे निधी जमवला होता. नुसत्या आवाहनाला ज्यांनी उत्तर दिले नसते, असे अनेक जण किलोमीटरच्या हिशेबामुळे त्यात ओढले गेले. ते रविवारी विचारायचे की आज किती झाले, त्यांची मुले नकाशावर अंतर मोजायची. पैसे देणारा माणूस त्या प्रयत्नात सहभागी होतो आणि हे सहभागी होणे पुढेही टिकते. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात पाय उचलत नव्हते, तेव्हा या लोकांनी दाखवलेल्या विश्वासाने मला पुढे नेले, हे मी कृतज्ञतेने सांगतो. सहकाऱ्यांचा उत्साह मोडू नये, असे मला वाटते.

उत्तर: स्नायुबंध

मी फिजिओथेरपिस्ट असून दरवर्षी डिसेंबर आणि जानेवारीत माझ्याकडे येणाऱ्यांत मॅरेथॉनची तयारी करणारे बरेच असतात. मुळाकाठ यांनी सांगितलेल्या सहभागाच्या भावनेचा मला आदर आहे. ताईंनी मात्र शर्यत पूर्ण होण्याची अट स्वीकारू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

याचे कारण शर्यतीच्या दिवशी घ्यावे लागणाऱ्या निर्णयात आहे. पोटरीतला नेहमीचा ताठरपणा आणि हाडावर आलेला ताण यांतला फरक धावणाऱ्याला स्वतःलाच ओळखावा लागतो. स्नायूंचे दुखणे पसरट असते आणि शरीर तापले की कमी होते. हाडावरचा ताण एका बोटाने दाखवता येईल इतक्या लहान जागी दुखतो, धावत गेले की वाढतो, पुढे पुढे तर चालताना आणि रात्री झोपेतही जाणवतो. असे दुखणे घेऊन कुणीही धावू नये, कारण ताण आलेल्या हाडाला तडा जाऊ शकतो. आता अशा वेळी मुलींच्या वसतिगृहाचे पैसे आपल्या थांबण्यामुळे बुडतील, हा विचार डोक्यात असेल तर कोणता कनवाळू माणूस थांबेल? माझ्याकडे येणारे अनेक रुग्ण हेच सांगतात की लोकांना शब्द दिला होता, म्हणून धावलो. तुमच्यासारख्या मनापासून काम करणाऱ्या माणसांनाच या अटीचा धोका सर्वांत जास्त असतो.

सहकाऱ्यांना असे सांगून पाहा की किलोमीटरचा हिशेब जरूर ठेवा, पण ठरलेली रक्कम संस्थेला आधीच द्या. मग सरावात धावलेल्या अंतराची माहिती त्यांना दर आठवड्याला पाठवत राहा. मुळाकाठ म्हणतात तो उत्साह यातही टिकेल आणि थांबण्याचे स्वातंत्र्य तुमच्याकडे राहील.

आणखी काही गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. सराव वाढवण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. चाळिशीनंतर रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख पाहून घ्यावाच, आणि स्त्रियांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासावे, कारण शरीरातला लोहाचा साठा कमी असेल तर कितीही शिस्तीने धावले तरी दम भरतच राहतो. शाकाहारी असाल तर बी-१२ देखील पाहा. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत आपल्याकडे फार पसरली आहे, ती टाळा. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. पाण्याच्या बाबतीतही दोन्ही टोके वाईट आहेत. प्रत्येक पाणपोईवर थांबून नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तहान लागेल तसे प्या आणि लांब धावेत क्षारयुक्त पेय सोबत ठेवा. आठवड्यातून दोनदा घरच्या घरी पोटऱ्या, मांड्या आणि नितंबांचे व्यायाम केलेत तर माझ्यासारख्यांकडे येण्याची वेळच येणार नाही.

उत्तर: खतावणी

मी ग्रामीण भागातल्या एका संस्थेचे हिशेब पाहते. धावकांनी जमवलेले पैसे ज्या टेबलावर येऊन पोहोचतात, तिथून हे लिहीत आहे. ताईंचा संकोच मला चांगलाच परिचयाचा आहे आणि त्याविषयीही लिहीन, पण आधी व्यवहाराचे बोलते.

पैसे कोणत्याही परिस्थितीत स्वतःच्या खात्यावर घेऊ नका. यूपीआयने सगळ्यांनी तुम्हाला पाठवावेत आणि तुम्ही एकत्र करून संस्थेला द्यावेत, हे सोयीचे वाटते. परंतु मग पावती तुमच्या नावाने निघते, देणगीदाराला करसवलत मिळत नाही आणि आयकर खात्याच्या नजरेने तो पैसा तुमच्याकडे का आला, याचा खुलासा तुम्हाला करावा लागू शकतो. प्रत्येकाने थेट संस्थेच्या खात्यावर द्यावेत आणि पॅन, पूर्ण नाव, पत्ता त्याच वेळी कळवावा. या माहितीच्या आधारे संस्था आयकर खात्याकडे देणग्यांचे विवरण भरते आणि त्यानंतर देणगीदाराला प्रमाणपत्र मिळते. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून नुसत्या पावतीवर सवलत मिळत नाही. ज्या तरतुदीला आपण सारे ८०जी म्हणून ओळखतो, तिच्याखाली बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्या भागावर, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत, वजावट मिळते. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास ती मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांनाही मिळत नाही. हे शेवटचे आधीच स्पष्ट सांगून टाका, म्हणजे मार्चनंतर कुणाचा गैरसमज होणार नाही.

संस्थेकडून तिचे नोंदणी प्रमाणपत्र, करसवलतीची मान्यता आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. मान्यतेची मुदत चालू आहे ना, तेही पाहा. चांगल्या संस्थेला असे विचारल्याचा राग येत नाही, उलट बरे वाटते. मुंबई मॅरेथॉनच्या धर्मादाय उपक्रमाचे काम अनेक वर्षे युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते. तुमची संस्था त्यांच्याकडे त्या वर्षासाठी नोंदलेली असेल तर तिच्या नावाने निधीचे पान उघडता येते आणि संस्थेमार्फत चॅरिटी बिबही, म्हणजे संस्थेच्या वाट्याचा धावण्याचा क्रमांकही, मिळू शकते. नोंदलेली नसेल तर काहीच अडत नाही. तुम्ही तुमच्या नोंदणीवर धावा आणि लोकांना थेट संस्थेकडे देणगी द्यायला सांगा. मात्र कायद्याने नोंदणीकृतच नसलेल्या गटासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करू नका. गणेशोत्सव मंडळे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१ क खाली परवानगी घेतात, ती याच कारणाने.

परदेशातल्या नातेवाइकांबाबत विशेष काळजी घ्या. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी मानली जात नाही. परंतु ज्याने तिथले नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी परकीय ठरते, मग तो तुमचा सख्खा भाऊ का असेना. ती स्वीकारण्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याखालची, नोंदणी असावी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. प्रेमाने पाठवलेल्या अशा एका रकमेमुळे छोटी संस्था अडचणीत येऊ शकते.

आता मागण्याविषयी. संस्थेला विचारा की एका मुलीच्या वर्षभराच्या राहण्या-जेवण्याचा खर्च नेमका किती येतो आणि तो कशाकशावर होतो. तो आकडा हातात आला की तुमचे बोलणे बदलेल, कारण मग तुम्ही मदत मागत नसता, एका मुलीच्या बारावीपर्यंतच्या मुक्कामाची व्यवस्था करत असता. पहिली देणगी स्वतःची घाला. गटावर एकच संदेश टाकून वाट पाहू नका. प्रत्येकाला स्वतंत्र लिहा, त्या माणसाशी तुमचे जे नाते आहे त्या नात्याच्या भाषेत लिहा, आणि नाही म्हणणे त्याला सोपे जाईल असे लिहा. कुणी १०१ रुपये देईल, कुणी ५,००१ देईल. आभाराचे पत्र दोघांना सारख्याच आस्थेने गेले पाहिजे. वाढदिवस, साठी, मुंज अशा प्रसंगी आहेर न घेता तो संस्थेला द्यावा असे सुचवणारी कुटुंबेही मी पाहिली आहेत, त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास हा विषय घरोघरी काढायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र मला फार कळकळीने सांगायची आहे. देणगीदार विचारतात की माझा पैसा प्रत्यक्ष मुलींवर खर्च होणार ना, पगारावर तर जाणार नाही? हा प्रश्न तुम्हालाही येईल. वसतिगृहात रात्री एखादी मुलगी तापाने फणफणली तर तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन जाणारी अधीक्षिका, पहाटे उठून पोळ्या करणाऱ्या मावशी आणि मुलगी शाळा सोडते आहे असे कळताच पाड्यावर जाऊन तिच्या वडिलांची समजूत काढणारा कार्यकर्ता, हेच तर वसतिगृह आहे. पलंग, गाद्या, संगणक यांसाठी देणगीदार सहज मिळतात, कारण त्यांवर नाव घालता येते. अधीक्षिकेच्या पगारासाठी कुणी देत नाही आणि त्या पगाराअभावी चांगली बाई सोडून गेली की मुलींच्या पालकांचा विश्वासही जातो. त्यामुळे निधी कोणत्याही वस्तूशी न बांधता संस्थेच्या चालू खर्चासाठी मागा आणि तो का हवा, हे न लाजता समजावून सांगा. तुमच्या धावण्याकडे लोकांचे लक्ष जाईल, त्या लक्षाचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

उत्तर: चार्ल्सकाठ

मी अमेरिकेत बॉस्टनजवळ राहतो. इथल्या मॅरेथॉनमध्ये संस्थांमार्फत धावण्याची सोय १९८९ पासून आहे आणि पात्रतेची वेळ न नोंदवलेल्या माणसाला बहुतेक वेळा तोच मार्ग उरतो. संस्था धावकाला जागा देते आणि त्या बदल्यात काही हजार डॉलर उभे करण्याची लेखी हमी घेते. रक्कम कमी पडली तर फरक धावकाच्या क्रेडिट कार्डावरून वसूल करण्याची पद्धतही बऱ्याच संस्थांत आहे. लंडनच्या मॅरेथॉनमध्येही, जी १९८१ साली सुरू झाली, हजारो लोक अशाच जागांवर धावतात.

या पद्धतीतून एक शिकण्यासारखे आहे. इथे दुखापत होऊन धावता आले नाही तरी जमवलेला निधी संस्थेकडेच राहतो आणि देणगीदारही परत मागत नाहीत, कारण पैसे संस्थेच्या कामासाठी दिले आहेत हे सर्वांना पहिल्यापासून माहीत असते. स्नायुबंध यांच्या म्हणण्याला म्हणूनच माझा पाठिंबा आहे. दुसरे असे की अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतःकडून घालतात. भारतातही काही मोठ्या कंपन्यांत ही सोय असते, तेव्हा ओळखीच्या लोकांना त्यांच्या मनुष्यबळ विभागात चौकशी करायला जरूर सांगा.

बॉस्टनची शर्यत एप्रिलमध्ये असल्यामुळे आमचा सराव बर्फात होतो आणि न्यूटन गावातले चढ तिशीच्या आसपासच्या किलोमीटरांत येतात. दादरच्या काकांनी थकल्या पायांनी चढ घेण्याबद्दल जे सांगितले, ते इथले प्रशिक्षकही त्याच तऱ्हेने करून घेतात.

येऊरची वाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहकाऱ्यांशी आज बोलले. किलोमीटरचा हिशेब ठेवायचा, पण ठरलेली रक्कम दसऱ्याच्या आधी थेट संस्थेच्या खात्यावर जमा करायची, हे त्यांनी लगेच मान्य केले. शर्यतीची अट त्यांच्या मनात फारशी पक्की नव्हतीच, माझ्यावरच तिचे ओझे अधिक झाले होते. संस्थेच्या कार्यकर्त्यांना खर्चाचा तपशील मागितला आहे आणि अधीक्षिकेच्या पगारासाठीच आवाहन करावे, असे त्यांच्याशी बोलून ठरते आहे. पुढच्या रविवारपासून उपवनला आधी सपाटीवर धावून मग येऊर चढेन. फेरिटिनची तपासणी या आठवड्यात करून घेते.

एक शंका राहिली आहे. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बायकांना थोडे थोडे पैसे द्यायचे आहेत, पण त्यांतल्या बहुतेक जणी फोनवरून व्यवहार करत नाहीत. त्यांच्याकडून रोख घेतली तर चालेल का?

खतावणी

चालेल. संस्थेकडून तिचे छापील पावतीपुस्तक मागवा आणि ते कोणाकडे दिले आहे याची नोंद संस्थेत करायला सांगा. रक्कम लहान असली तरी प्रत्येकीच्या नावाने स्वतंत्र पावती फाडा आणि तिच्यावर पत्ता लिहा. निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या तर संस्थेला त्यांवर कर भरावा लागतो, म्हणून सगळ्या मिळून मंडळाच्या नावाने एकच पावती करणे टाळा. जमलेली रोख घरात न ठेवता लगेच संस्थेच्या खात्यात भरा आणि भरणा केल्याची स्थळप्रत पावतीपुस्तकाला जोडून ठेवा. त्या बायकांना पावत्या हातात द्या आणि जमलेच तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्यांना वसतिगृह दाखवायला घेऊन जा. मुलींनाही त्यांच्याशी बोलायला आवडेल.